आईला काही शिकवायचं नाही: डिमेन्शियाच्या घरात तंत्रज्ञान कसं आणावं

हॉलमध्ये कॅमेरा बसवला त्याच दिवशी दुपारी मी ऑफिसातून त्याच्या स्पीकरवरून आईशी बोलले. "आई, चहा झाला का?" मोबाइलच्या पडद्यावर आई दचकून उठलेली दिसली. आवाजाच्या दिशेने गेली, टीव्हीखालच्या कपाटाचं दार उघडलं आणि आत वाकून म्हणाली, "अगं, तू इथे काय करतेयस? बाहेर ये आधी." पुढचा अर्धा तास ती मला कपाटातून बाहेर काढायच्या खटपटीत होती. कॅमेरा आजही आहे. त्याचा स्पीकर मात्र त्या दिवसापासून बंद आहे.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मधल्या काळात घरात बऱ्याच वस्तू आल्या आणि त्यातल्या निम्म्या परत गेल्या. जी टिकली ती का टिकली हे पाहिलं तर कारण एकच निघतं: त्या वस्तूसाठी आईला नवीन काही शिकावं लागलं नाही. अल्झायमर हा डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, आणि त्यात नवं लक्षात ठेवण्याची ताकद सुरुवातीलाच जाते. हाताला वर्षानुवर्षं मुरलेलं काम खूप उशिरापर्यंत टिकतं. आईला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण मेथी अजून माझ्यापेक्षा चांगली निवडते. म्हणून वस्तू विकत घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारते. हिच्यासाठी आईने काही दाबायचं, घालायचं, चार्ज करायचं किंवा लक्षात ठेवायचं आहे का? उत्तर "हो" असेल तर ती वस्तू फार तर आजाराच्या सुरुवातीच्या काळात चालेल. यंत्र वापरायचं ते आपण. आईकडे तिच्या जुन्या सवयी राहू द्यायच्या.

आधी वही, मग दुकान

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. यातल्या बहुतेकांचं सगळं घरचीच माणसं बघतात. इंटरनेटवर दिसणारी बरीचशी उपकरणं मात्र एकट्या राहणाऱ्या परदेशी म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. तुमच्या घरात नेमकं काय होतंय हे तुम्हालाच शोधावं लागतं.

आठ दिवस एका वहीत लिहा: काय झालं, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं. आमच्या वहीतल्या नोंदी अशा होत्या: "रात्री २.४०, उठली, बाथरूम सापडेना, स्वयंपाकघरात गेली." "सकाळी ९.१०, बीपीची गोळी दुसऱ्यांदा घ्यायला निघाली." "संध्या. ६.१५, पिशवी भरून दाराशी, घरी जायचंय म्हणते." आठवड्याच्या शेवटी चार अडचणी ठळक दिसल्या: रात्रीचं उठणं, गॅस, गोळ्या आणि संध्याकाळची घालमेल. पहिल्या तिन्हींवर वस्तूंचा थोडाफार उपयोग झाला. संध्याकाळच्या घालमेलीवर कुठलंच यंत्र पुरत नाही. मात्र अंधार पडायच्या आधी, सवापाचलाच दिवे लागतील असा टायमर लावला, पडदे ओढून घेतले आणि टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या, तेव्हा पिशवी भरणं कमी झालं.

ही वही डॉक्टरांनाही दाखवा. निदानच झालं नसेल तर आधी ते करून घ्या. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं या सगळ्यांमुळेही माणूस विसरभोळा वाटू शकतो. दुसरी गोष्ट, कालपर्यंत बरा असलेला माणूस एक-दोन दिवसांत एकदम गोंधळला, बरळायला लागला किंवा नुसता झोपून राहिला, तर तो डिमेन्शिया वाढला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं पाणी कमी होणं, नवीन औषध, यांतलं काहीही असू शकतं. तेव्हा ॲप उघडत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

तिला विचारायचं, पण कसं

आजार सुरुवातीच्या टप्प्यावर असेल तर हे संभाषण आत्ताच करा, पुढे संधी मिळत नाही. "तुझ्यावर लक्ष ठेवायला" म्हटलं की शिक्षिका राहिलेली कुठलीही बाई भडकेल. मी म्हटलं, "आई, तू बाजारात गेलीस की मला कामात लक्ष लागत नाही. तुझ्या बटव्यात एक छोटी वस्तू ठेवू का, म्हणजे मला कळेल तू कुठे आहेस?" ती म्हणाली, "ठेव. पण फोन करून करून पिडायचं नाही." ही अट आम्ही पाळली. हॉलमधल्या कॅमेऱ्यालाही तिने हो म्हटलं, बेडरूममधल्याला नाही, म्हणून बेडरूममध्ये कॅमेरा नाही. बाथरूमचा तर प्रश्नच येत नाही.

घरात कामाला येणाऱ्या मावशींनाही पहिल्याच दिवशी कॅमेरा दाखवा आणि सांगा. लपवलेला कॅमेरा कधी ना कधी सापडतोच, आणि त्यानंतर चांगली मावशी टिकत नाही. कॅमेऱ्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि तो भावंडांच्या ग्रुपवर टाकू नका. नाशिकचा दादा सुरुवातीला दिवसातून दहा वेळा कॅमेरा उघडायचा आणि मग फोन करायचा, "आईचा पंखा का बंद आहे?" लांबून बघणाऱ्याला चूक पटकन दिसते, काम दिसत नाही. शेवटी कॅमेरा फक्त माझ्या फोनवर ठेवला आणि दादाकडे औषधं मागवायचं काम दिलं. दोघांचाही रक्तदाब उतरला असावा.

रात्र

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे हालचाल जाणवली की आपोआप लागणारा दिवा. तीन घ्या: एक पलंगाखाली, एक पॅसेजमध्ये, एक बाथरूमच्या दाराशी. बाथरूमच्या आतला छोटा दिवा रात्रभर चालूच ठेवा, म्हणजे दार उघडं असेल तर कमोड लांबूनच दिसतो. उजेड पिवळसर असू द्या.

दिवा कुठल्या उंचीवर लावायचा यात आम्ही फसलो. पॅसेजमधला दिवा मी डोक्याच्या उंचीवर चिकटवला होता. रात्री तो लागला, आईची सावली समोरच्या भिंतीवर पडली आणि ती ओरडली, "कोण उभं आहे तिथे?" दुसऱ्या दिवशी दिवा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणला, सावलीचा माणूस गेला. दिवे लावून झाले की स्वतः त्या पलंगावर आडवे व्हा, अंधार करा आणि बाथरूमपर्यंत चालून पाहा. उजेड डोळ्यांत जातो का, कुठे आरसा चमकतो का, पायपुसणं कुठे घसरतं, हे तेव्हाच कळतं.

मुख्य दारावर चुंबकाचा सेन्सर लावा. दोन छोटे तुकडे असतात, एक चौकटीवर आणि एक दारावर. दार उघडलं की ते एकमेकांपासून लांब जातात आणि घंटा वाजते. ही घंटा दारापाशी वाजवायची नाही, ती वाजायला हवी तुमच्या उशाशी. दाराशी कर्णा वाजला तर घाबरलेला माणूस आणखी वेगाने बाहेर पळतो. आणि सेन्सर नको म्हणून माणसाला आत एकटं ठेवून बाहेरून कुलूप लावण्याचा मार्ग तर कधीच नको, आग लागली तर काय?

ही सगळी यंत्रं वायफायवर चालणारी असतील तर वीज गेली की आंधळी होतात. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. शक्य तिथे साध्या बॅटरीवर चालणारी, फोनशी न जोडलेली वस्तूच निवडा. आमची दाराची घंटा तशीच आहे, तिला कुठलंही ॲप लागत नाही.

गॅस

गॅसगळती ओळखणारं यंत्र घेताना तुमच्याकडे सिलिंडर आहे की पाइपचा गॅस, हे सांगून घ्या. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो, म्हणून यंत्र जमिनीपासून थोडंसं वर लावायचं. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हलका असतो आणि वर चढतो, तेव्हा यंत्र छताजवळ. चुकीच्या उंचीवरचं यंत्र गळती झाली तरी बराच वेळ गप्प बसू शकतं.

पण यंत्र फक्त ओरडतं. शेगडी बंद करणारा माणूस जवळ हवा. त्यामुळे खरा उपाय जुनाच आहे: काम झालं की रेग्युलेटर किंवा ओट्याखालचा व्हॉल्व बंद. मी मध्ये इंडक्शनची शेगडी आणून पाहिली. आईने तिच्यावर नेहमीचं ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं. इंडक्शन ॲल्युमिनियमवर चालत नाही, त्यामुळे शेगडी पीक-पीक करत बसली. "ही बिघडलीय," असा निकाल देऊन आई उठली. आता चहा आम्ही दोघी मिळून करतो. आलं ती किसते, साखर ती घालते, व्हॉल्व मी फिरवते.

गोळ्या

फोनवरचा गजर हा सगळ्यांना पहिला सुचणारा उपाय, आणि तोच सगळ्यांत फसवा. गजर वाजतो, आई तो बंद करते, गोळीकडे जाईपर्यंत गजर कशासाठी होता ते विसरते. मी विचारलं तर ठामपणे सांगते, "घेतली की आत्ताच." खोटं बोलत नसते ती, तिला खरंच तसं वाटत असतं. म्हणून गजर देणाऱ्याच्या फोनवर लावा, घेणाऱ्याच्या नाही.

सात दिवसांचा, दिवसाला चार खण असलेला डबा आणा, रविवारी एकाच माणसाने भरा आणि कपाटात कुलपात ठेवा. गोळी दिली की मावशी रिकाम्या खणाचा फोटो ग्रुपवर टाकतात, बाकी काही लिहीत नाहीत. हा नियम आला तेव्हापासून दोनदा गोळी दिली गेलेली नाही. ठरल्या वेळी आपोआप एकच खण उघडणारे, कुलूप असलेले डबेही मिळतात. सुरुवातीच्या टप्प्यात, माणूस थोडा वेळ एकटा राहत असेल तर ते कामाचे. डबा भरण्याआधी प्रत्येक पाकिटाचा, नाव आणि मात्रा दिसेल असा फोटो काढून ठेवा. रात्री अपरात्री दवाखान्यात गेलात तर तोच उपयोगी पडतो.

बाहेर जाणं

इथे लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात, म्हणून नीट सांगते. माणूस कुठे आहे हे सांगणाऱ्या वस्तू दोन जातीच्या आहेत. एक जीपीएस ट्रॅकर. त्यात सिमकार्ड असतं, तो उपग्रहावरून जागा शोधतो आणि मोबाइल नेटवर्कवरून तुमच्या फोनला कळवतो. दुसरी जात किल्ल्यांना लावतात त्या ब्लूटूथ टॅगची, उदाहरणार्थ एअरटॅग. त्यात ना जीपीएस असतो ना सिम. आसपासून जाणाऱ्या लोकांच्या फोनना तो खूण देतो आणि त्या फोनमार्फत तुम्हाला जागा कळते. लक्ष्मी रोडवर हा टॅग ठीक चालेल. गावाकडे, जिथे तासाभरात एखादाच तसा फोन जवळून जातो, तिथे तो जवळजवळ मुका. ॲपलनेही एअरटॅग वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही, असंच सांगितलेलं आहे. त्यामुळे माणसासाठी सिमवाला ट्रॅकर घ्या, टॅग फार तर पिशवीला जोड म्हणून.

घेतल्यावर स्वतः खिशात घालून फिरा. भाजी मंडईत, पार्किंगच्या तळघरात, जुन्या वाड्यांच्या बोळात. नकाशावरचा ठिपका किती मागे राहतो ते पाहा. इमारतीच्या आत जीपीएस कमजोर पडतो, हे तेव्हा कळतं. घराभोवती हद्द आखून ठेवता येते, ती ओलांडली की फोन वाजतो. ही हद्द फार लहान ठेवू नका, नाहीतर माणूस गॅलरीत उभा असला तरी दिवसभर फोन वाजत राहतो आणि आठवड्याने तुम्ही तिकडे बघणंच सोडता.

कशात ठेवायचा? घड्याळाच्या आकाराचा आम्ही आणला होता. आईने आयुष्यभर बारीक सोनेरी पट्ट्याचं घड्याळ घातलेलं, हे धूड ती दहा मिनिटांत काढून ठेवायची. कमरेचा बटवा मात्र तिला सोडवत नाही, म्हणून त्यात अस्तराखाली खिसा शिवून ट्रॅकर ठेवला. तुमच्या घरी तो बटवा नसेल, तर काठी असेल, जपमाळेची गोमुखी असेल, वडिलांची टोपी असेल. जी वस्तू सोडून ते उंबरा ओलांडत नाहीत ती शोधा. आणि सिमच्या रिचार्जची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा. आमचा ट्रॅकर एकदा सहा दिवस बंद होता, कारण रिचार्ज संपला होता आणि ते कुणाच्या लक्षात नव्हतं. त्या सहा दिवसांत काही झालं नाही हे नशीब.

साधी जोड म्हणून कपड्यावर आतून नाव आणि दोन फोन नंबर असलेली कापडी पट्टी शिवा. पत्ता लिहू नका. क्यूआर कोडचं लॉकेटही चालतं. २०२३ साली मुंबईत हरवलेला एक मुलगा गळ्यातल्या अशाच लॉकेटमुळे घरी पोचला होता. फक्त कोड स्कॅन केल्यावर तुमचा चालू नंबर दिसतो का, हे अधूनमधून तपासा.

तरीही माणूस हरवलाच तर पहिल्या दहा मिनिटांत गच्ची, जिना, पार्किंग, शेजारी पाहा आणि लगेच ११२ ला फोन करा. चोवीस तास थांबायला लागतं हा निव्वळ गैरसमज आहे. पोलिसांना आजचा फोटो लागतो, म्हणून मावशी रोज सकाळी आईची वेणी घातली की एक फोटो काढतात. आज कुठली साडी आहे, हे त्या घाईत कुणालाही आठवत नाही. शिवाय जुन्या पत्त्यांची यादी फोनमध्ये ठेवा: माहेर, पहिलं भाड्याचं घर, नोकरीची जागा. "घरी जायचंय" म्हणणारं माणूस बहुधा त्यांपैकीच कुठेतरी निघालेलं असतं.

फोन आणि पैसे

फोनमध्ये यादीतल्या नंबरांशिवाय बाकीचे फोन वाजणारच नाहीत अशी सोय करा. यूपीआय बंद करा, किंवा छोटी रक्कम असलेल्या वेगळ्या खात्याला जोडून मर्यादा खाली आणा. "तुमच्या नावाने पार्सल आलंय, पोलिस बोलतायत" असा व्हिडिओ कॉल आला तर डिमेन्शियाच्या माणसाचा त्यावर पटकन विश्वास बसू शकतो. पैसे गेलेच तर लाजत न बसता तत्काळ १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

बटव्यात मात्र दहा-वीसच्या चार नोटा राहू द्या. पैसे जवळ नसले की आईचा दिवस तेच शोधण्यात जातो.

एक गोष्ट तंत्रज्ञानाची नाही, पण इथेच सांगावी लागते. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निश्चिंत राहू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते अधिकार संपतात. माणसाला समजतंय तोपर्यंतच बँकेत जाऊन संयुक्त खातं आणि नामांकन करून घ्या आणि वकिलाशी बोला.

घड्याळ आणि गाणी

जुना टॅब्लेट असेल तर त्याचं दिवस दाखवणारं घड्याळ करता येतं. मोठ्या मराठी अक्षरांत वार, तारीख आणि "सकाळ" किंवा "संध्याकाळ", एवढंच. टॅब्लेट चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगू शकते. टायमरच्या प्लगवर दिवसातून दोन-तीन तास पुरतात. आई जाता-येता त्यावरचा वार मोठ्याने वाचते. परवा "गुरुवार" वाचून म्हणाली, "दत्ताला पेढे आणले का?" तारीख मात्र ती अजूनही कालनिर्णयवरच बघते, आणि ते बरंच आहे.

स्मार्ट स्पीकरवर मी आशा लावली होती. अलेक्साला हिंदी कळतं, पण आधी तिचं नाव घेऊन हाक मारायची, हे लक्षात ठेवायचं कुणी? त्यापेक्षा जुन्या रेडिओसारखी दिसणारी, गाणी आधीच भरलेली यंत्रं बरी. मूठ फिरवली की गाणं, हे हाताला ठाऊक असतं. यूट्यूब लावून निघून जाऊ नका. भूपाळीने सुरू होतं, मध्ये जाहिरात किंचाळते आणि चौथ्या व्हिडिओला खुनाची बातमी येते. आवडीची गाणी पेनड्राइव्हवर भरून ठेवा.

फोटो दाखवताना "ओळख पाहू हा कोण?" विचारू नका. "हा आपला दादा, पाचवीत असतानाचा" म्हणून सुरुवात करा. परदेशातल्या नातवंडांनीही व्हिडिओ कॉलवर आधी नाव सांगावं आणि पाच-सात मिनिटांत आटपावं. मेंदूला तल्लख करणारे खेळ म्हणून विकली जाणारी ॲप्स हा आजार थांबवतात याला भक्कम पुरावा नाही. आवडली तर खेळा, नापास झाल्यासारखं वाटत असेल तर काढून टाका. आणि एआयने गेलेल्या माणसाचा आवाज बनवून ऐकवण्याची नवी टूम निघाली आहे, ती तर मुळीच नको. बाबांचा आवाज ऐकला की आई ते कुठे आहेत विचारणार, आणि कुणीतरी तिला ते पुन्हा सांगणार.

डॉक्टर

प्रत्येक वेळी दवाखान्यात नेणं म्हणजे त्यांची आणि तुमची अख्ख्या दिवसाची परवड. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार डिमेन्शियासारख्या आजारात रुग्णाच्या वतीने काळजी घेणारा माणूस डॉक्टरांशी बोलू शकतो. कॉलआधी वहीतल्या नोंदींमधल्या तीनच गोष्टी निवडा. चालण्यात, गिळण्यात किंवा वागण्यात काही बदल दिसला असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. तुमच्या दहा वाक्यांपेक्षा डॉक्टरांना त्यातून जास्त कळतं. तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र जाऊ देऊ नका. रिपोर्ट आभा, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्यात एकत्र ठेवले तर डॉक्टर बदलला तरी फायलींची पिशवी घेऊन फिरावं लागत नाही. तुमचं स्वतःचं डोकं फिरायची वेळ आली तर टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ हे दोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा. मी दोन वर्षांपूर्वी एका रात्री पहिल्या नंबरवर फोन केला होता आणि वीस मिनिटं नुसती रडले होते.

काढून टाकणं

महिन्याच्या पहिल्या रविवारी, गोळ्यांचा डबा भरताना, घरातली प्रत्येक वस्तू अजून लागते का ते बघा. आजार पुढे जातो, अडचणी बदलतात आणि कालचं यंत्र आज नुसतीच कटकट होतं. मावशी बदलल्या तर त्यांना ग्रुपमधून काढा, आणि त्यांच्या फोनवर कॅमेरा दिला असेल तर तोही. कॅमेऱ्यातली जुनी चित्रणं पुसा. गेल्या उन्हाळ्यापासून आई एकटी खाली उतरत नाही, म्हणून ट्रॅकरचं सिम मी बंद केलं. अस्तराखालचा खिसा उसवायला घेतला तर तिने बटवा हिसकावून घेतला. त्यात आता सुपारीची डबी असते.